कमांडो येईपर्यंत काय?

मागच्या हिवाळ्यात आमच्या स्टेशनवर पोलिसांनी मॉक ड्रिल घेतले. अतिरेकी घुसले तर काय करायचे, याची ती रंगीत तालीम होती. काळे कपडे, डोक्याला शिरस्त्राण, तोंडावर काळे फडके आणि हातात आखूड बंदुका अशा थाटात जवान गाडीतून उतरले आणि बघता बघता पुलाच्या जिन्यावर पसरले. माणसे जागच्या जागी खिळली. कोणी मोबाईल वर धरला, कोणी पोराला खांद्यावर घेतले. आमच्या चाळीतला पाचवीतला एक मुलगा आमच्याबरोबर होता. त्याला शिकवणीहून घरी आणत होतो. तो सगळे पाहून गप्प झाला, तो दाराशी येईपर्यंत बोलला नाही. मग त्याने विचारले, "काका, खरे अतिरेकी आले तर हे कमांडो किती मिनिटांत येतात?"

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. हिशेब म्हणजे आमच्या डाव्या हाताचा मळ. पण हा हिशेब आम्हाला चटकन मांडता आला नाही. "येतात रे लवकर," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. रात्री मात्र झोप लागेना. कारण ज्या घरातली माणसे रोज सकाळी कल्याण-डोंबिवलीची लोकल पकडून मुंबईला जातात आणि रात्री लोंबकळत परत येतात, त्या घरांसाठी हा प्रश्न पोरखेळ नाही. म्हणून हा लेख.

कमांडो म्हणजे कोण?

सिनेमातला कमांडो एकटा असतो आणि त्याला गोळी लागत नाही. खरा कमांडो तुमच्या-आमच्या घरातलाच असतो. राष्ट्रीय सुरक्षा दल, म्हणजे एनएसजी, १९८४ साली उभे राहिले आणि १९८६ साली त्याचा कायदा झाला. काळ्या गणवेशामुळे लोक त्यांना ब्लॅक कॅट म्हणतात. मुख्य तळ हरियाणात मानेसरला. या दलात कोणी थेट भरती होत नाही. प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या तुकडीत सैन्यातले जवान येतात, दुसऱ्या तुकडीत केंद्राच्या पोलीस दलांतले. काही वर्षे काम करून ते आपापल्या पलटणीत परत जातात. निवडीचे प्रशिक्षण इतके कडक की अनेक जण त्यातच गळतात.

सैन्यातून माणसे येतात, म्हणजे कोणत्याही रेजिमेंटमधून येऊ शकतात. १९४१ साली बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमधूनही. सुभेदार रामजी सकपाळांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाला फौज नवी नाही. याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याची आठवण येईल.

कमांडोचे काम काय? विमान पळवले, इमारतीत माणसे ओलीस धरली, अतिरेकी दबा धरून बसले, अशा वेळी आत शिरायचे. हे काम वरून दिसते तितके झटपट नसते. बंद दारामागे अतिरेकी आहे की घाबरून बसलेले कुटुंब आहे, हे बाहेरून कळत नाही. प्रत्येक खोली, प्रत्येक जिना, प्रत्येक कपाट तपासत पुढे जावे लागते. गोळी कधी झाडायची यापेक्षा कधी झाडायची नाही, हे त्यांना अधिक शिकवले जाते. नौदलाचे मार्कोस हेही असेच दल. महाराष्ट्राने २००८ नंतर 'फोर्स वन' हे स्वतःचे दल उभारले. त्यासाठी राज्याच्या पोलिसांतून सुमारे तीन हजार जणांनी नाव दिले, निवडले गेले २१६. म्हणजे चौकात शिट्टी वाजवणाऱ्या शिपायांच्या सहकाऱ्यांतूनच हे कमांडो घडले.

त्या रात्रीचे घड्याळ

आता पोराच्या प्रश्नाचा हिशेब मांडू. २६ नोव्हेंबर २००८. आम्ही तेव्हा फोर्टमधल्या एका कचेरीत नुकतेच लागलो होतो. नेहमीच्या गाडीने घरी आलो, जेवलो आणि टीव्ही लावला, तो व्हीटीला गोळीबार. चाळीत एकच हलकल्लोळ झाला. कोणाचा नवरा रात्रपाळीला, कोणाचा भाऊ हॉटेलात, कोणाची लेक इस्पितळात. फोन लागत नव्हते. आमच्या शेजारचे तात्या तेव्हा व्हीटी स्टेशनात कंत्राटी सफाई कामगार होते. त्यांची बायको रात्रभर उंबऱ्यात बसून राहिली. हातातला पोळीचा गोळा तिने सकाळपर्यंत खाली ठेवला नाही.

साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास स्टेशनात गोळ्या सुटल्या. अकराच्या आत ते दोघे अतिरेकी तिथून बाहेर पडले होते. तेवढ्या वेळात पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यांत बोचकी घेऊन लांबच्या गाडीची वाट पाहत बसलेली गरीब माणसेच जास्त. आणि कमांडो? एनएसजीचे जवान मानेसरला, त्यांना आणणारे विमान चंडीगडला. ते पहाटे मुंबईच्या विमानतळावर उतरले. तिथून बेस्टच्या बसगाड्यांतून दक्षिण मुंबईत नेले गेले. प्रत्यक्ष कामाला लागले तेव्हा सकाळचे नऊ वाजत आले होते. नौदलाचे मार्कोस मुंबईतलेच, तरी तेही मध्यरात्रीनंतरच ताजमध्ये शिरले. म्हणजे व्हीटीवरचे हत्याकांड संपले, तेव्हा कमांडोंचे विमान अजून जमिनीवरच होते.

यात जवानांचा दोष काडीचा नाही. ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि नरिमन हाऊसमध्ये हवालदार गजेंद्रसिंग बिष्ट यांनी प्राण दिले. हेलिकॉप्टरमधून दोरीने छतावर उतरून, मजल्यामागून मजला लढत त्यांनी २९ तारखेच्या सकाळपर्यंत ते काम तडीस नेले. शेकडो माणसे जिवंत बाहेर आली. दहा अतिरेक्यांनी १६६ जीव घेतले. कमांडो नसते तर हा आकडा कुठे गेला असता, याची कल्पना करवत नाही. पण पहिला तास त्यांचा नव्हता. तो कोणाचा होता?

तो होता रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे यांचा. आवाज ऐकून ते धावले आणि स्टेशनातच पडले. तो होता उद्घोषक विष्णू झेंडे यांचा. आपल्या खोलीतून ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले की मुख्य इमारतीकडे येऊ नका, एक नंबर फलाटाच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. आमचे तात्या त्याच आवाजावर विसंबून पळाले. सकाळी घरी आले तेव्हा पायात चपला नव्हत्या. ते म्हणाले, "तोंड दिसलं नाही त्या माणसाचं, पण त्याच्या आवाजानं मला घरी आणलं." झेंडे यांच्या हाती बंदूक नव्हती, होता तो कर्ण्याचा माईक.

तो तास कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे यांचाही होता. त्यांनी वीस गरोदर बाया एका लहानशा खोलीत हलवल्या, दारे लावली, दिवे मालवले. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ही हकीकत सांगितली. त्याच रुग्णालयाजवळच्या गल्लीत एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी पडले.

आणि तो तास होता तुकाराम ओंबळे यांचा. साताऱ्याकडच्या जावळी तालुक्यातला माणूस, आधी फौजेत, मग पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर गाडी अडवली तेव्हा त्यांच्या हाती बंदूक नव्हती. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि शरीरात गोळ्या शिरत असताना सोडली नाही. म्हणून सहकाऱ्यांना कसाब जिवंत पकडता आला. मेजर परमेश्वरन यांची आठवण झाली ना? एक मोठा अधिकारी, एक खालचा पोलीस. हिंमत मात्र हुद्दा पाहून येत नाही. ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले.

ही रीत मुंबईपुरती नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी दिल्लीत संसदेवर हल्ला झाला, तेव्हा अतिरेक्यांची गाडी ओळखून पहिली आरोळी ठोकली ती कमलेश कुमारी या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शिपाई बाईंनी. त्यांच्याजवळही शस्त्र नव्हते. त्या तिथेच गेल्या, पण त्यांच्या ओरडण्याने पहारेकरी सावध झाले.

आमच्या लाईनवरचा हिशेब

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्यालाच. तेव्हापासून या लोखंडी रुळांवरच आपल्या भागाचे पोट चालते. म्हणून घाव घालणाऱ्यांचाही डोळा त्याच रुळांवर. १३ मार्च २००३ च्या रात्री मुलुंड स्टेशनात शिरणाऱ्या कर्जत लोकलच्या महिला डब्यात बॉम्ब फुटला. कामावरून परतणाऱ्या आया-बहिणींच्या डब्यात. त्या गाडीत आमच्या ओळखीची कोणी नव्हती, तरी पुढचे कित्येक दिवस आमच्या आईने बहिणीला स्टेशनपर्यंत सोडायला जायचा नेम धरला. सोडून काय होणार, हे तिलाही कळत होते.

४ जून २००८ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला. त्यात माणसे जखमी झाली. करकरे यांच्या एटीएसने तपास केला आणि २०११ साली सत्र न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले. तो राग एका नाटकावरचा होता आणि तो धर्माच्या नावाने केलेला होता. २०१४ साली कल्याणातून चार तरुण घर सोडून इसिसकडे निघून गेले. त्यांचा धर्म वेगळा, पण मती फिरवणारी रीत तीच. अतिरेक्याला एकच धर्म असतो असे जे सांगतात, त्यांनी ठाणे आणि कल्याण ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. कल्याणच्या त्या मुलांची पहिली खबर पोलिसांना कोणी दिली? त्यांच्याच घरच्यांनी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कल्याण स्टेशनात एक नंबर फलाटाजवळ बेवारस खोक्यात ५४ डिटोनेटर सापडले. बॉम्बशोधक पथकाने येऊन ते ताब्यात घेतले, अनर्थ झाला नाही. बेवारस वस्तूकडे कोणाचे तरी लक्ष गेले, म्हणून पुढचे सारे झाले. कमांडोच्या आधी डोळे लागतात, आणि ते डोळे तुमचे-आमचे असतात.

विश्वासाची गोष्ट

इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेवर सात बॉम्ब फुटले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या वस्तीतला एक मुलगा रात्री गाडीवरून उतरला. आयटीआयला वायरमनचा कोर्स करणारा. पिशवीत वायरी, पकड, टेस्टर. एका पोलीस ठाण्यात त्याला दोन दिवस बसवून ठेवले. मारही खाल्ला. शेवटी त्याच्या मास्तरांनी येऊन सांगितले तेव्हा सुटला. कोणी चूक झाली म्हटले नाही. त्या वर्षाची परीक्षा त्याने दिली नाही.

पुढचे ऐका. महिनाभराने वस्तीच्या नळापाशी एक बेवारस पिशवी दिसली. बायका घागरी सोडून लांब झाल्या. पण पोलिसांना फोन करायला एकही जण पुढे होईना. "सांगायला जाऊ आणि आपणच अडकू," असे एक म्हातारी म्हणाली, आणि तिला वेड्यात काढायची कोणाची छाती नव्हती. शेवटी आम्ही फोन केला. पिशवीत एका रंगाऱ्याचा जेवणाचा डबा आणि ब्रश निघाले. सगळे हसले. पण आम्हाला हसू आले नाही. त्या दिवशी खरा बॉम्ब असता तर? एका पोराला उगाच मारले, त्याची किंमत साऱ्या वस्तीने मोजली असती.

आपल्या समाजाला ही भीती का वाटते, हे सांगायला नको. ११ जुलै हीच तारीख, साल १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलीस दलाच्या गोळ्यांनी दहा जण मारले गेले. आम्ही तेव्हा बारावीत होतो. चौकशी आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असे म्हटले. तुकडीच्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते थेट २००९ साली. बंदूक तीच असते. ती शिस्तीच्या हातात असली तर ताजमधली माणसे वाचतात, बेशिस्तीच्या हातात असली तर रमाबाई नगर घडते. म्हणून विशेष दले हवीत म्हणताना ती कायद्याच्या दावणीला बांधलेली हवीत, हेही आपणच म्हटले पाहिजे.

कायद्याने चालल्यावर काय होते ते कसाबच्या खटल्यात दिसले. त्याला वकील मिळाला, साक्षी झाल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील गेले आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. उलट २००६ च्या गाड्यांतल्या स्फोटांचे पाहा. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली, सरकार पक्ष गुन्हा शाबीत करू शकला नाही असे म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही. एकोणीस वर्षे गेली. मेलेल्यांच्या बायका-मुलांनी आता कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? तपास कच्चा राहिला की दोन्हीकडची घरे उजाड होतात.

मग आपण काय करायचे?

२६ नोव्हेंबरनंतर सुधारणा झाल्या. राम प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीतल्या उणिवा दाखवल्या. २००९ साली एनएसजीचा तळ मुंबईत आला, फोर्स वन उभे राहिले. आता मानेसरहून विमानाची वाट पाहावी लागणार नाही, हे खरे. पण त्या रात्री रेल्वे पोलिसांच्या हाती काठ्या आणि जुनाट बंदुका होत्या, हे विसरू नये. कमांडोला लाखाची बंदूक आणि फाटकावरच्या शिपायाला काठी, असा घरचा कारभार चालत नाही. आमची मागणी सरळ आहे. नाक्यावरच्या शिपायाला चालणारे शस्त्र, अंगावर गोळी अडवणारे जाकीट, नेमबाजीचा नियमित सराव, माणसासारखे ड्युटीचे तास आणि राहायला घर द्या. रात्रीच्या महिला डब्यात उभ्या राहणाऱ्या होमगार्डला रोजंदारीचा मजूर समजू नका.

आया-बहिणींना सांगणे एवढेच. डब्यात, फलाटावर बेवारस वस्तू दिसली तर हात लावू नका. लांब व्हा, इतरांना लांब करा आणि सांगा. रेल्वेत १३९, बाहेर ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ करून द्या. फोन करणाऱ्याला वस्तीतल्या चार माणसांनी साथ द्यावी, म्हणजे त्याला एकटे वाटणार नाही. घरातला मुलगा एकाएकी गप्प राहू लागला, रात्ररात्र मोबाईलवर कोणाशी तरी बोलू लागला, अमक्या जातीचे, तमक्या धर्माचे मेले पाहिजेत असे म्हणू लागला, तर त्याला जवळ घ्या, विचारा.

आणि तरुणांनो, मैदानावर धावता आहात ते सोडू नका. पोलीस भरतीला जा, फौजेत जा. जमले तर त्या काळ्या गणवेशापर्यंत पोहोचा. आपल्यातला माणूस त्या वर्दीत असेल, तर वस्तीतल्या पोराच्या पिशवीतली वायर पाहून तो आधी विचारील की बाळा, कोणता कोर्स करतोस?

आम्ही त्या पाचवीतल्या मुलाला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. त्याला म्हणालो, "कमांडो आता पूर्वीपेक्षा लवकर येतील. पण ते येईपर्यंत जो वेळ जातो, तो आपला असतो. तेव्हा कोणी तरी माईकवरून सांगायला लागतं, कोणी दार लावायला लागतं, कोणी बंदुकीची नळी धरायला लागतं."

तो जरा विचार करून म्हणाला, "मग मी काय करायचं?"

आम्ही म्हणालो, "आधी एकशे बारा पाठ कर."

त्याने तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर तो लिहून घेतला.